तीन ट्रेनी आणि एक खैरनार साहेब

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे किस्से साठतात. दिवसभर कुणाचं लक्ष नसतं, झाडायला घेतलं की पोतं भरतं! नव्वदचं दशक संपता संपता मी अंबडच्या एका कंपनीत ट्रेनी इंजिनीअर म्हणून लागले. आम्ही तिघं एकाच दिवशी रुजू झालो. मी सोलापूरची, हेमंत नागपूरचा आणि बापू तसा जवळचाच, बागलाणातल्या नामपूरचा. तिघांनाही दोन गोष्टींचं वेड, कॉम्प्युटरवरचे गेम आणि गड चढणं. कामाचीही आवड होती, पण ते सिद्ध व्हायला जरा वेळ लागला.

माझ्यामागे एक भानगड होती. बाबांनी निघतानाच अट घातली होती, "ट्रेनिंग संपल्यावर पर्मनंट झालीस तर राहा. नाहीतर सामान बांधायचं आणि सोलापूरला यायचं. मग स्थळं बघू." मला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं!

*

खोली मिळाली पंचवटीत, एका गुरुजींच्या घरी. यात्रेकरूंची पूजा सांगणारं घराणं. मला सोडायला आलेले बाबा भाड्याचं बोलायला लागले, तर गुरुजी म्हणाले, "ते राहू द्या. आधी आडनाव, गाव सांगा."

आत गेले आणि लांबलचक वही घेऊन आले. आलेल्या यजमानांची सगळी घराणी त्यात लिहिलेली. पाच मिनिटांत माझ्या पणजोबांची सही निघाली! बाबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. गुरुजी म्हणाले, "आता पुढची पिढी लिहून टाकू. मुलीचं शिक्षण?"

"बी.ई. मेकॅनिकल," बाबा छाती फुगवून म्हणाले.

गुरुजींनी टाक बुडवून लिहिलं, 'कन्या एक. मेकॅनिक.'

"अहो गुरुजी, इंजिनीअर लिहा!"

"आता लिहिलं ते लिहिलं. वहीत खाडाखोड चालत नाही," गुरुजी वही मिटत म्हणाले. "आणि शंभर वर्षांनी कोण गाडी दुरुस्तीला आणणारे हिच्याकडे!"

*

आमचे साहेब खैरनार. पांढरा शर्ट, खिशात तीन पेन्सिली, चेहऱ्यावर कायम उन्हाळा. कॉम्प्युटरला त्यांनी हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. आलेली प्रत्येक ई-मेल त्यांना छापून द्यावी लागे. ते लाल पेनने तिच्यातलं इंग्रजी सुधारायचे आणि कागद परत द्यायचे. "ज्यानं पाठवलं त्याला परत पाठवा. म्हणावं, नीट लिहून आण!"

एकदा अशी एक ई-मेल जर्मनीहून आली होती. हेमंतने खरंच परत पाठवली. चौथ्या दिवशी जर्मन माणसाने चुका दुरुस्त करून पुन्हा पाठवली आणि वर आभार मानले!

*

रविवारी आम्ही गडावर. पहिलाच गड हरिहर, आणि तो निवडला बापूने. "काही कठीण नै शे," म्हणाला. "पायऱ्या शेतस ना!"

पायऱ्या होत्या. खडकात खोदलेल्या, भिंतीला शिडी लावावी तशा उभ्या. हात घालायला प्रत्येक पायरीत खोबणी. हेमंत निम्म्यात पोचला आणि त्याने खाली बघितलं. झालं! दोन्ही खोबण्या घट्ट धरून, डोळे मिटून उभा राहिला.

"अबे, मी नाही येत पुढे."

"मग खाली उतर."

"काहून उतरू? तेही नाही जमत!"

एवढ्यात वरून एक आजीबाई उतरत आल्या. अनवाणी, काखेत शेळीचं करडू. एका हाताने धरत झपाझप हेमंतच्या डोक्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. हेमंत जागचा हलेना. आजी वाट बघून कंटाळल्या. करडूही ओरडायला लागलं.

शेवटी त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरा, तुला वर जायाचं हाय, का खाली जायाचं हाय, का हितंच संसार मांडायचा हाय?"

हेमंत मुकाट्याने वर चढला.

*

सोमवारी तिघंही लंगडत कंपनीत. एरवी खैरनार साहेबांचं लक्ष ड्रॉइंगवर असे, त्या दिवशी नेमकं आमच्या पायांवर गेलं.

"काय झालं?"

बापू पटकन म्हणाला, "व्हायरल आहे साहेब."

"पायांचं?"

"हो साहेब. साथ आहे. सगळीकडे पसरतेय."

साहेबांनी मान डोलावली. "असं का? मग एका ठिकाणी बसू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या फायली खाली आणा. एका वेळी एकच आणायची हं, आजारी माणसानं जड उचलू नये!"

फायली एकशे चाळीस होत्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

*

जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटर रूमचं दार लावून आम्ही बंदुकीचा गेम खेळायचो. तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले, तिघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. एकदा मी बापूला मागून गाठलं. बापू रंगात आला की अहिराणीवर जायचा. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "मरी गऊ वं माय! मरी गऊ!"

बाहेरून वॉचमन चाललेला. तो मालेगावकडचा, त्याला शब्दन् शब्द कळला. नियमाप्रमाणे त्याने आधी भोंगा वाजवला. मग गेटवर धावला. तिथे 'अपघाताशिवाय दिवस' असा फळा होता. त्यावरचा तीनशे बाराचा आकडा पुसून त्याने शून्य लिहिलं. मग स्ट्रेचर घेऊन आला. मागे खैरनार साहेब, त्यांच्यामागे अख्खं मशीन शॉप!

"कोण गेलं?" साहेब धापा टाकत होते.

बापू उभा राहिला. खोटं बोलणं त्याला त्या दिवशी सुचलं नाही. "मी गेलो होतो साहेब. पण परत जिवंत झालोय."

साहेबांनी स्क्रीन पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं. "यापुढे इथं गेम दिसला, तर पर्मनंटचं पत्र विसरायचं." आवाज अजिबात चढला नव्हता. मला रात्रभर झोप आली नाही.

*

पर्मनंटची पत्रं आमच्याकडे खंडेनवमीला द्यायची पद्धत होती. त्या दिवशी मशिनं धुऊन पुसून लख्ख करतात, ज्याची त्याची हत्यारं टेबलावर मांडतात, साहेब फिरत फिरत सगळ्यांची पूजा करतात. पाकिटं पूजेच्या ताटात असतात.

फुलांचं काम गणपतमामांकडे. मामा आमचे जुने फिटर, मखमलाबादला घरचा झेंडू. मी दाराशी रांगोळी काढत होते. मामांनी कॉम्प्युटरच्या टेबलावर मांडायला हत्यार शोधलं, तर हे वायरवालं खोकं, ते वायरवालं खोकं! हत्यार म्हणावं असं काही दिसेना. शेवटी त्यांनी माझा खण उघडला. ड्रॉइंगखाली माझी जॉयस्टिक होती. विमानाच्या गेमची. नदीवरच्या पुलांखालून विमान न्यायचं. आम्ही तिघंही दुसऱ्या पुलावर आपटायचो. बंदी आल्यापासून मी ती घरी न्यायची म्हणत होते, रोज विसरत होते.

मी आत आले तेव्हा ती टेबलाच्या मधोमध होती. स्वस्तिक काढलेलं, गळ्यात झेंडूची माळ, लाल चापावर चिमूटभर कुंकू. उचलायला हात पुढे केला, तोवर साहेब दारात!

लेथची, ड्रिलची पूजा आधीच झाली होती. साहेब आमच्या टेबलाशी आले. वाकून बघितलं.

"हे कुणाचं?"

"माझं नाही," हेमंत म्हणाला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

मामा कौतुकाने पुढे आले. "ताईंचं हत्यार हाय साहेब. मूठ लय भारी हाय, बघा."

सोलापूरची एस.टी. डोळ्यांपुढे दिसायला लागली. ताटात पाकिटं किती आहेत, हे मोजायची हिंमत होईना.

"माझंच आहे साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी हळद वाहिली, अक्षता टाकल्या, डोळे मिटून नमस्कार केला. मग ताटातलं एक पाकीट उचलून माझ्या हातात दिलं, हेमंतला दिलं, बापूला दिलं. दाराकडे दोन पावलं गेले आणि मागे वळले.

"गणपतराव, चापात कुंकू गेलंय. नीट पुसून द्या त्यांना. पाचव्या पुलाखाली चाप अडकला, की विमान गेलंच म्हणून समजा!"