टाचणातलं बारसं

लोहारा तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडं होता. जूनमध्ये निम्म्या पोरांना धड वाचता येईना. म्हणून मी मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, “काही दिवस पुस्तक बाजूला ठेवू का? पोरंच धडे लिहितील. म्हशीचे, भांडणाचे.”

“ठेवा. जबाबदारी माझी. पण टाचण रोज लिहायचं.”

टाचण म्हणजे आज काय शिकवणार याची वही. पोरांचे धडे वाचता वाचता माझं टाचण राहिलं ते राहिलंच. केंद्रप्रमुख साहेब वर्ग तपासायला येणार कळल्यावर मी बाईंची गेल्या वर्षीची तिसरीची टाचणवही काढली आणि तारखा बदलत, हात दुखेपर्यंत उतरवली. वाचली मात्र नाही.

साहेबांनी वाचली.

“गुरुजी, लग्न कधी झालं तुमचं?”

“अजून न्हाय, साहेब.”

“मग ही नात कुठली? ‘दुपारनंतर अर्धी रजा, नातीचं बारसं.’”

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, त्या बारशाला मलाच पाळण्यात घालून गच्च बांधतील. साहेबांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या आणि ते सहीसाठी बाईंपुढं सरकवलं. समोर दिसेल ते वाचायची सवय मीच लावलेली. पहिल्या रांगेतली पोरगी उठली, वाकली आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, “शिक्षकांचे टाचण अत्यंत निष्काळजीपणाचे. सोमवारपासून पाठ्यपुस्तकाप्रमाणेच शिकवावे.” मग माझ्याकडं वळून, “गुरुजी, निष्काळजी म्हंजी काय वो?”

“म्हंजी मी,” म्हटलं.

साहेबांना हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. “साहेब, या पोरीला जूनमध्ये अक्षरं जुळवता येत नव्हती. आता जोडाक्षरं वाचती. गुरुजींना काय बोलायचं ते मी बोलते, पण वर्ग त्यांच्या पद्धतीनं चालू द्या.”

साहेबांनी खिशातलं परिपत्रक काढून आणखी चौघांना वाचायला दिलं. कंटाळवाणं होतं, तरी वाचलं पोरांनी. मग त्यांनी स्वतःचीच दुसरी ओळ खोडली आणि लिहिलं, ‘वर्गाची पद्धत चालू ठेवावी.’ पहिली ओळ तशीच ठेवली.

बाईंनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी हात पुढं केला, “आणा वही.” तेव्हापासून रोज तपासतात. त्या शेऱ्याचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. पाहुण्यांना मी दोन्ही ओळी दाखवतो.