निरोप पोचला

कुलदीपला लाजेचं भारी भय. ब्रह्मपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा; चार पोरी समोर बसल्या की ह्याचे कान लाल. पण डोकं म्हणाल तर अस्सल! बाप माजरीच्या खाणीत कामाला. उसनी पुस्तकं आणून, सायबर कॅफेत बसून गडी आपला आपणच पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची भाषा शिकला.

आपल्याकडे घरोघरी सिकलसेल, रक्ताचा आजार. रक्तासाठी वणवण फिरणारी माणसं बघून त्याने २००७ साली एक वेबसाइट बनवली. रक्तगट टाका, बटण दाबा, त्या गटाच्या रक्तदात्यांना आपोआप एसएमएस. केवढं पुण्याचं काम! उद्‌घाटनाला पाहुणे, हार, माइक. आणि बटण दाबलं तर पडद्यावर इंग्रजीत लालभडक एरर. लाइनच गेली होती नेटची, त्याला हा काय करणार? पण पाहुणे हसले. क्लासचे सर म्हणाले, "पुन्हा असं लाल दिसलं तं इथी पाय ठेवू नको."

झालं! कोडमध्ये एक जागा असते. काम फसलं तर पुढे काय, कुणाला कळवायचं, कुठे नोंदवायचं, ते तिथे लिहायचं. बिचाऱ्याने ती जागा कोरी सोडली. आणि खाली, काम होवो न होवो, हिरव्या अक्षरांत ओळ टाकली : 'निरोप पोचला.' नंतर नीट करू म्हणाला. नंतर कसलं डोंबलाचं! सगळे वाहवा करत होते, हा विसरूनही गेला.

पुढच्या वर्षी शेजारच्या इस्तारीची पोरगी आचल दवाखान्यात भरती झाली. तिलाही सिकलसेलच. रक्तगट बी निगेटिव्ह, गावात कुठेच नाही. इस्तारी तळ्यावर मासे धरणारा माणूस. रक्त आणायला चंद्रपूरच्या जीपकडे निघालाच होता. कुलदीपने त्याला क्लासात नेऊन त्याच्यासमोर बटण दाबलं. हिरवी ओळ आली.

"थांब भाऊ, पोरीजवळ बस. सगळ्यायले निरोप गेला. येतेच कोणी."

दुपार कलली, कोणी आलं नाही. इस्तारी फाटकापर्यंत जायचा, परत यायचा. आचलचा श्वास जोरात चालला होता. शेवटी कुलदीपने एका रक्तदात्याला फोन लावला.

"कसला निरोप बा? मले तं काईच नाई आलं."

कुलदीप पळत क्लासात गेला, ती कोरी जागा उघडली, एरर दाखव म्हणून लिहिलं आणि बटण दाबलं. एसएमएसवाल्या कंपनीने पासवर्ड बदलला होता, एकही निरोप गेला नव्हता. मग वेड्यासारखा एकेकाला फोन लावत सुटला. कोणी गोंडपिपरीला लग्नात, कोणाचा फोन बंद. एक जण मोटारसायकल दामटत आला खरा, पण तोवर आचल गेली होती.

तेरवी झाल्यावर इस्तारी क्लासच्या दारात येऊन उभा राहिला. आता हा मारणार, असं कुलदीपला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. इस्तारीने नुसतं विचारलं, "तुह्या मशीनले माहीत होतं ना, निरोप गेला नाई म्हणून?"

"होतं, भाऊ."

"मंग तिनं सांगतलं काऊन नाई?"

कुलदीपला रडू आवरेना.

"सांगतच होती, भाऊ. मीच तिचं तोंड दाबून ठेवलं होतं."