पाय उडाला, पेढे वाटले

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. नववीतून शाळा सोडली, शब्दही साधेच येतात. पण यवतमाळच्या दवाखान्यात चार महिने उताणं पडलं की किस्से आपोआप साचतात!

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. चार घरांचा कापूस एकाच ट्रॅक्टरमध्ये कोंबला. वर चढून पायाने दाबायला मी! माझ्यासारखा कापूस गावात कुणी दाबत नसे. विकायला नेताना वरच बसलो होतो; नेरच्या वळणावर खाली आलो, पाठीवर. कमरेखाली सगळं बंद.

शेजारच्या खाटेवर दारव्ह्याचे गजाननभाऊ. शेळ्यांसाठी पाला तोडताना झाडावरून पडलेले. डॉक्टर रोज आमच्या गुडघ्यांवर रबरी हातोडी मारायचे. पाय ढिम्म. भाऊ म्हणायचे, "जोरात हाणा साहेब, लाजू नका. मले कुठं कळते!"

*

दीड महिन्याने भाऊंचा पाय हातोडीखाली ताडकन उडाला. वहिनींनी पळत जाऊन अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. डॉक्टरांनीही एक खाल्ला. मग म्हणाले, "हे मज्जारज्जूचा खालचा भाग परस्पर करतो. डोक्याचा हुकूम अजून पायापर्यंत पोचत नाही."

भाऊ म्हणाले, "पेढा खायच्या आधी सांगाचं होतं ना साहेब!"

*

पुढे नुसती चादर ओढली तरी भाऊंचा पाय उडायचा. एकदा एक पुढारी फोटोवाल्याला घेऊन केळी वाटायला आले. त्यांनी चादर नीट केली आणि लाथ बसली! केळी खाटेखाली.

"म्या नाही मारली साहेब," भाऊ हात जोडून म्हणाले. "मनात होतं, पण पायाले कोणं सांगतलं?"

*

मग माझेही पाय उडू लागले. डॉक्टरांचं ते बोलणं आईनेही ऐकलं होतं. तरी कुणी भेटायला आलं की ती पायाशी बसायची, चादरीखाली तळव्यावर कंगव्याचं टोक ओढायची आणि म्हणायची, "उठव रे राजा!" पाय उठायचा.

माझी सोयरीक राळेगावला ठरली होती. मुलीचे वडील, म्हणजे माझे होणारे मामाजी, पाहायला आले. आई म्हणाली, "उठव रे राजा!"

पाय उठला. मामाजींचे डोळे भरून आले. "उगाच भेलो आम्ही," ते म्हणाले. "पोरगी जेवून नाही राह्यली. आता तारीख काढतो."

भाऊंनी तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाणी आणायला गेली, तेव्हा भाऊंचा मोबाइल मागून मी राळेगावला लावला. म्हटलं, "मामाजी, एकडाव परत या. पायाले कोणीच हात लावाचा नाही. तुम्ही फक्त मले म्हणा, उठव."