उपड्या बादलीचा नियम

केटल लेक या खाणगावात वापरलेले धनुष्य घ्यायचे असेल, तर माणसाला आधी आयनार रुओनाच्या गॅरेजमधल्या उपड्या बादलीवर बसावे लागे. मूळची रंगाची, पाच गॅलनची, पांढरी बादली. तिच्यावर बसायचे, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर उचलायचे, धनुष्य समोर सरळ धरायचे आणि हात वर न नेता दोरी सावकाश गालापर्यंत आणायची. आणून तशीच धरायची. आयनार मनात तीस आकडे मोजी. जमले तर धनुष्य तुमचे. नाही जमले तर तो ते परत खिळ्यावर टांगे, मग समोर कोणीही असो.

एकतीस वर्षे त्याने लोखंडाच्या खाणीत यंत्रे दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर लोक आपली जुनी धनुष्ये त्याच्याकडे आणून ठेवू लागले. तो दोऱ्या बदली, दोन्ही टोकांच्या कप्प्यांच्या खाचा बोटाने तपाशी आणि प्रत्येक धनुष्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधी. चिठ्ठीवर किमतीच्या आधी दोष लिहिलेला असे. ‘दोष: वरची कप्पी एकदा बदललेली.’ ‘दोष: मूठ झिजलेली.’ दोष सापडलाच नाही, तर ‘दोष: मला सापडला नाही’ असे तो लिही. ‘निर्दोष’ हा शब्द त्याने कधी वापरला नाही.

कप्प्यांच्या धनुष्यात एक फसवणूक आहे. दोरी जड जाते ती सुरुवातीला. अखेरच्या टप्प्यात कप्प्या वळतात आणि भार एकदम उतरतो. म्हणून धनुष्य आभाळाकडे उचलून, सगळ्या अंगाचा हिसका देऊन कोणी एकदा दोरी मागे नेली, की आपल्यात ते ओढायची ताकद आहे असे त्याला वाटते. गावातले धट्टेकट्टे पुरुष हीच चूक करीत. आयनार शांतपणे विचारी, “आभाळाला काय विचारतोयस? हरीण खाली आहे.”

या नियमामागे एक हरीण होते. तरुणपणी आयनारजवळ ऐंशी पौंड ओढीचे धनुष्य होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. नोव्हेंबरातल्या एका सकाळी झाडावरच्या बैठकीत तीन तास गारठल्यावर दोरी सरळ ओढवेना. त्याने हात वर नेला. खालच्या नर हरणाला हालचाल दिसली, तो वळला, आणि बाण पोटात गेला. आयनार दोन दिवस रक्ताच्या मागावर चालला. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. मित्र म्हणाले, होतं असं. गावाचे हे आवडते वाक्य होते. ते बोलून माणसे पेस्टी, म्हणजे मांसाची मोठी करंजी, खायला बसत. आयनारला मात्र ते वाक्य पुरले नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याने ओढ सत्तरवर आणली, बादली उपडी केली आणि दर एक ऑगस्टला स्वतः तिच्यावर बसू लागला. मग इतरांना बसवण्याचा अधिकार आपल्याला आला, असे त्याने मानले.

यंदा मात्र ऑगस्ट संपत आला तरी तो बसला नव्हता. वसंतापासून त्याचा उजवा खांदा कुरकुरत होता. त्याला एकाहत्तरावे लागले होते.

अशा एका शनिवारी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी मार्लिस टेर्वो वेलदोड्याचा पाव फडक्यात गुंडाळून आली. गॅरेजमध्ये अर्वो किन्नूनेन आधीच कॉफी पीत बसला होता. खाणीतला हा आयनारचा जोडीदार रोज येई, आणि काहीही विकत न घेता प्रत्येक व्यवहारात मत देई.

“या वर्षी मी जाणार आहे,” मार्लिस म्हणाली. “एक ऑक्टोबरला, शिकार उघडते तेव्हा. मला धनुष्य द्या, आयनार.”

“ताई, आडवं धनुष्य घे ना, बंदुकीसारख्या घोड्याचं,” अर्वो म्हणाला. “आधीच ताणून ठेवायचं, मग दाबायचं. नुसतं बोट लागतं.”

“बोटानं काम होत असतं तर तू एवढ्या वर्षांत एखादं तरी केलं असतंस, अर्वो.”

आयनार हसला नाही. पण सुताराची टेप आणताना त्याचे खांदे हलले. त्याने मार्लिसला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायला सांगितले. “चौसष्ट इंच. त्याला अडीचनं भाग. साडेपंचवीस. तुझ्या ओढीची लांबी एवढी. याच्याहून लांब धनुष्य घेतलंस तर मान वाकडी करावी लागेल, आणि मान वाकडी केली की बाणही वाकडाच जातो.”

मापात बसणारी तीन धनुष्ये भिंतीवर होती. मार्लिसचे मन पहिल्यावर गेले. रंग पानापानांचा, एक ओरखडा नाही. आदल्याच दिवशी कोणीतरी आणून ठेवलेले. चिठ्ठी अजून कोरी होती.

“हे बघा ना! नवंच आहे.”

आयनारने तिच्या हातात कापसाचा बोळा दिला. “घेणाऱ्यानं स्वतः फिरवायचा. मुठीच्या वरच्या नि खालच्या भुजेवरून, कडेकडेनं. सावकाश.”

तिने वरच्या भुजेवरून बोळा फिरवला, काही नाही. खालच्या भुजेवर, कप्पीपासून चार बोटांवर, कापसाचे दोन तंतू अडकले आणि उभे राहिले. तिला चीर दिसत नव्हती. कापसाला दिसली होती.

“कोणीतरी बाण न लावताच दोरी सोडलीय,” आयनार म्हणाला. “बाणात जायची ती सगळी ताकद भुजेत गेली. बाहेरून सुंदर आहे, पण एक दिवस तुझ्या तोंडासमोर फुटेल.” त्याने त्याला लाल चिंधी बांधून ते दूरच्या खिळ्यावर टांगले.

दुसरे बादलीवर बसून तिला ओढता आले नाही. तिसरे मळकट तपकिरी होते. मुठीचा रंग उडालेला, ओढ बेचाळीस पौंड. तिने पाय उचलले, बाण लावलेले धनुष्य गवताच्या गासडीकडे सरळ धरले आणि दोरी गालाला लावली. तीस झाले. आयनार एकतीस, बत्तीस मोजत राहिला. त्याला ते पाहणे आवडत होते.

“बेचाळीस म्हणजे पोरींचं खेळणं,” अर्वो म्हणाला.

“वीस पावलांवर, नीट लागलं तर आरपार जातं,” आयनार म्हणाला. “आणि वीस पावलांपलीकडे ती सोडणार नाही. काय, मार्लिस?”

“नाही सोडणार.” ती बादलीवरून उठली आणि सहज म्हणाली, “आता तुम्ही बसा. दर ऑगस्टला बसता ना? मी कधी पाहिलंच नाही.”

तिच्या मनात काही नव्हते. अर्वोने मात्र कप खाली ठेवला. ऑगस्ट महिन्यात तो रोज इथेच होता, आणि आयनार यंदा बादलीवर बसलेला नाही हे त्याला माहीत होते.

“खांदा दुखतोय त्याचा,” अर्वो घाईने म्हणाला. “पुढच्या आठवड्यात बसेल.”

आयनारला ती पळवाट दिसली. ती अर्वोने दिली होती, म्हणून ती घेणे सोपे होते. त्याने आपले सत्तर पौंडांचे धनुष्य उतरवले आणि तो बसला. पाय उचलले. दोरी अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. त्याची मूठ आपोआप वर चढू लागली, छताकडे. त्याने ते पाहिले आणि दोरी हळूच परत नेली.

त्याने षट्कोनी चावीने भुजांचे बोल्ट मोजून सैल केले, जितके करता येतात तितके. ओढ साठवर आली. पुन्हा बसला. पुन्हा मूठ वर गेली.

“वय झालं, आयनार,” अर्वो हळू आवाजात म्हणाला. “थंडीत एक-दोनदा हात वर गेला तर कोण बघतंय? होतं असं.”

“होत नसतं, अर्वो. आपण करतो.”

भिंतीवर त्याच्या मापाचे पन्नास पौंडांचे एक होते, निळ्या मुठीचे, जे सहा महिने कोणी मागितले नव्हते. आयनारने त्याच्यावरून कापूस फिरवला, दोन्ही भुजा, कडेकडेने, जणू ते दुसऱ्या कोणासाठी होते. मग बसला. दोरी सावकाश, सरळ आली. तीस आकडे या वेळी मार्लिसने मोजले, मोठ्याने. शेवटी शेवटी त्याच्या कपाळावर घाम आला. मूठ मात्र हलली नाही.

“निळं?” अर्वो म्हणाला. “ऑक्टोबरात हरणं हसून मरतील, बाणाची गरज नाही.”

“मग तर बरंच आहे,” मार्लिस म्हणाली आणि तिने पाव कापायला घेतला.

आयनारने बाकावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला. आपल्या जुन्या धनुष्याचे बोल्ट पुन्हा सत्तरवर कसले, बोळा फिरवला, दोरी पाहिली, आणि बऱ्याच वेळाने जाड पेन्सिलीने लिहिले: ‘दोष: मालकाचा खांदा.’ चिठ्ठी बांधून त्याने ते विक्रीच्या ओळीत, मधल्या खिळ्यावर टांगले.

अर्वो उठून जवळ गेला. त्याने चिठ्ठी वाचली, कप्पीवरून अंगठा फिरवला. पस्तीस वर्षे तो या धनुष्याकडे आणि आधीच्या धनुष्यांकडे असाच बघत आला होता.

“दोष तुझ्या खांद्याचा आहे ना,” तो म्हणाला, “धनुष्याचा तर नाही? मग हे मी घेतो.”

आयनारने तोंडातला पावाचा घास संपवला, आणि पायाने बादली त्याच्याकडे सरकवली.