बाटलीबाईंची पदवी

विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बाटलीबाईंचा फोटो छापलाय. काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, चेहऱ्यावर देवमाणसाचं हसू, आणि खाली ओळ: "ज्ञानाच्या ओढीने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अपुरी पदवी पूर्ण केली." वाचून माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणे. येऊ द्या बापडं. पण ज्ञानाची ओढबिढ सगळं झूट. बाईंनी पदवी घेतली ती एका माणसाचं नाक कापायला, आणि ते मुळापासून कापून झाल्यावरच त्या फोटोसाठी उभ्या राहिल्या.

तो माणूस म्हणजे त्यांचे साहेब. शहराच्या पाण्याची तपासणी करणारी जी प्रयोगशाळा आहे, तिचे प्रमुख. कडक इस्त्री, खिशात दोन पेनं, आणि कानाला कायम फोन. बाई त्यांच्या हाताखाली सहायक. रोज सकाळी गावभरच्या नळांवरून भरून आणलेल्या बाटल्या टेबलावर यायच्या. प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी काढून बाई त्यात औषध टाकायच्या. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन आहे, जितकं गुलाबी तितकं जास्त. आकडा वहीत लिहायचा, की झालं.

बाटल्या जशा येतील तशा लिहायची पद्धत होती. बाईंना ते कधी पटलं नाही. त्या बाटल्या पाइपच्या ओळीने मांडायला लागल्या: टाकीजवळचा नळ पहिला, गल्लीच्या टोकाचा शेवटचा. अशा मांडल्या की गुलाबी रंग हळूहळू फिका होत गेलेला दिसायचा, आणि मध्येच दोन शेजारच्या बाटल्यांत एकदम ढप्पकन पडायचा. त्या दोन नळांच्या मध्ये पाइप फुटलेला असणार, घाण आत शिरून क्लोरीन खात असणार! पहिल्यांदा खणून पाहिलं तर बरोबर तिथेच. दुसऱ्यांदाही तिथेच. तीन वर्षांत एकतीस फुटके पाइप बाईंनी खुर्चीवरून न उठता सांगितले.

साहेबांनी यावर झकास अहवाल लिहिला. वरच्या कार्यालयातून कौतुक आलं, काचेचं मानचिन्ह आलं, आणि अहवालावर नाव एकट्या साहेबांचं.

"साहेब, माझं नाव राहिलं का हो?" बाईंनी भर चहाच्या वेळी विचारलं.

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "बाई, पदवी नसलेल्या माणसाचं नाव अहवालावर छापत नाहीत. नियम आहे. नाहीतर उद्या बाटल्या धुणारीचंही छापा म्हणाल!"

अख्खी खोली हसली. त्या दिवसापासून त्या बाटलीबाई झाल्या. बाहेरून फोन करणारासुद्धा विचारायचा, "बाटलीबाई आहेत का?"

बाई घरी आल्या, चपला काढल्या, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी पदवी घेणार."

नवरा बसचा ड्रायव्हर. शांत माणूस. सिग्नलला उभं राहून राहून अंगी मुरलेली शांती. "घे की," तो म्हणाला. "कशाला पण?"

"त्या माणसाला रडवायला."

"मग घेच," नवरा म्हणाला.

आता मागची गोष्ट एवढीच, की बाईंची पदवी अगदीच नव्हती असं नाही. दोन वर्षं झाली होती, तिसरं राहिलं होतं. वडील अंथरुणाला खिळले, मग लग्न, मग मुलगी, मग नोकरी. अर्धवट पदवी ट्रंकेत पडून राहिली. विद्यापीठाच्या खिडकीवर चष्मा लावलेल्या बाईंनी कागद पाहिले आणि विचारलं, "मुलगी कुठंय?"

"मुलगी कॉलेजात आहे. प्रवेश मला हवाय."

खिडकीवाल्या बाई चपापल्या, मग खूश झाल्या. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वेगळी सोय होती: जुने श्रेयांक जमा धरतात, शनिवारी प्रात्यक्षिक, बाकी घरी अभ्यास. बाईंना अजून चाळीस श्रेयांक लागत होते. त्यातले अठ्ठावीस शिकून, आणि बारा कामाच्या अनुभवावर. "पण एक आहे हं," खिडकीवाल्या बाई म्हणाल्या, "पंचवीस वर्षांपेक्षा जुने श्रेयांक बाद होतात. तुमची तेवीस झाली. दोन वर्षांत उरकलं नाहीत, तर पहिल्यापासून पाटी कोरी."

"दोन वर्षं पुष्कळ झाली," बाई म्हणाल्या.

नणंदेने ऐकलं आणि फोन केलाच. "वहिनी, आता या वयात? गुडघे दुखतात ना गं तुझे?"

"गुडघ्यांनी लिहायचं नसतं ताई."

साहेबांना कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी फळ्यावर नवा आदेश: शनिवारी नळांवरून नमुने आणायची फेरी बाटलीबाईंनी करायची. एकवीस वर्षांत सहायकाने ही फेरी कधी केली नव्हती. साहेब फोनवर कुणाला तरी हसत सांगत होते, "पदवी हवीय म्हणे आमच्या बाईंना! बघू, बाटल्या सांभाळतात का पुस्तकं."

बाईंनी तो हसण्याचा आवाजही मनात नोंदवून ठेवला. त्यांच्या मनात या माणसाचं एक स्वतंत्र खातं होतं, आणि त्यातलं काही माफ होत नसे.

शनिवारी नवऱ्याची पहिली बस साडेपाचला सुटायची आणि नशिबाने टाकीपासून गल्लीच्या टोकापर्यंत जायची. बाई थांब्या-थांब्याला उतरायच्या, बाटली भरायच्या, मागच्या बसने पुढचा नळ गाठायच्या. नऊला नमुने टेबलावर, दहाला बाई विद्यापीठात. तिथली पोरं त्यांना काकू म्हणत आणि प्रयोगात त्यांच्याच टेबलाभोवती घोटाळत, कारण काकूंचा थेंब कधी जास्त पडत नसे.

रविवारी बाई नवऱ्याच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून पाठ करायच्या. घरात पाहुणे, बसमध्ये निदान खिडकी. त्यामुळे झालं काय, की नवऱ्यालाही अर्धं रसायनशास्त्र पाठ झालं. एकदा सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याशी भांडताना तो म्हणाला, "अरे, तुझ्यापेक्षा निष्क्रिय वायू बरा!" रिक्षावाला आईवरून बोलला, पण जरा विचारात पडून.

अठ्ठावीस श्रेयांक झाले. चांगल्या गुणांनी झाले. उरले बारा, आणि हातात चार महिने.

हे बारा म्हणजे अनुभवाची वही. नोकरीत तुम्ही काय काय केलंत, कसं केलंत, ते पुराव्यासकट लिहायचं आणि पानोपानी वरिष्ठाची सही घ्यायची. वरिष्ठ कोण, ते सांगायलाच नको. बाईंनी एक्केचाळीस पानं लिहिली. पाइपच्या ओळीने बाटल्या मांडायची पद्धत कधी सुचली, पहिला फुटका पाइप कुठे सापडला, तारखा, आकडे, सगळं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ठसठशीत: "खालील काम यांनी स्वतः शोधून काढले व केले असे मी प्रमाणित करतो." एक अक्षर खोटं नाही.

"सही करेल तो?" नवऱ्याने विचारलं.

"वाचलं तर नाही करणार."

प्रयोगशाळेत रोज अकराला सह्यांचा गठ्ठा साहेबांपुढे जायचा. शे-सव्वाशे कागद. जिथे सही हवी तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. साहेब फक्त चिठ्ठी बघायचे, सही ठोकायचे, पान उलटायचे, आणि सगळा वेळ फोनवर बोलायचे. वीस वर्षं हेच. पाणी पिण्यास योग्य असल्याचा दाखलाही याच गठ्ठ्यातून जायचा. सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं.

बाईंनी एक्केचाळीस चिठ्ठ्या लावल्या. त्या दिवशी साहेब नव्या गाडीच्या रंगाबद्दल बोलत होते. "करडा नको रे, करडा म्हातारा दिसतो," असं म्हणत म्हणत त्यांनी एक्केचाळीस पानांवर सह्या केल्या. बाई शेजारी उभ्या राहून पानं उलटून देत होत्या. चेहरा कसा? प्रार्थनेला उभ्या असल्यासारखा.

वही विद्यापीठात गेली. आणि विद्यापीठाची एक रीत होती, जी बाईंना ठाऊक होती आणि साहेबांना नव्हती: परीक्षक कामाच्या जागी येतात आणि वरिष्ठाला समोर बसवून विचारतात.

परीक्षक बाई आल्या. पांढरे केस, गोड आवाज, हातात वही. बाहेरचं माणूस येणार म्हणून वरच्या कार्यालयातले मोठे साहेबही मुद्दाम येऊन बसले होते. बाटलीबाई कोपऱ्यात स्टुलावर.

"साहेब," परीक्षक बाई म्हणाल्या, "गळती शोधायची ही पद्धत यांनी स्वतः शोधली असं तुम्ही लिहून दिलंय. बरोबर ना?"

साहेबांनी पान ओढून घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा ते एखादा कागद इतकं मन लावून वाचत होते. "हे... म्हणजे... असं नाही की..."

"सही तुमचीच आहे?"

"सही माझी आहे, पण ते सकाळच्या गडबडीत..."

"अच्छा! मग न वाचता केलीत का?" परीक्षक बाईंनी अगदी निरागसपणे विचारलं.

साहेबांच्या डोक्यामागे भिंतीवर त्या दिवसाचा दाखला टाचलेला होता: आजचे पाणी पिण्यास योग्य आहे. खाली तीच सही. मोठे साहेब आधी त्या दाखल्याकडे बघत होते, मग साहेबांकडे बघायला लागले. न वाचता केली म्हणावं, तर गावभरचं पाणी रोज कोण तपासतं हा प्रश्न येणार. वाचून केली म्हणावं, तर मानचिन्ह गेलं.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. "वाचूनच केली," ते म्हणाले. दाढ उपटताना माणूस बोलतो तसे.

"मग ही पद्धत जरा समजावून सांगता का?"

"त्यांनाच विचारा. त्यांचीच आहे ती."

ते वाक्य ऐकायला बाईंनी दोन वर्षं घातली होती. त्या उठल्या, बाटल्या मांडल्या, आणि पाऊण तास बोलल्या. बारापैकी बारा.

निकाल लागल्यावर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच "बसा" म्हणाले. "हे बघा, अहवालाची दुरुस्ती करावी लागणार आहे. मोठ्या साहेबांचा फोन होता. दोघांची नावं टाकू. तुमचं आधी टाकतो, मग तर झालं?"

"तुम्ही काय शोधलंत त्यात?"

"अहो, लिहिला तर मी ना!"

"मग शेवटी टाका की. टंकलेखन अमुक अमुक."

अहवाल नव्याने छापला गेला, एकट्या बाईंच्या नावाने, मागे पदवीची अक्षरं लावून. मानचिन्ह त्यांच्या टेबलावर आलं, आणि ते त्यांनी बरोबर साहेबांच्या दारासमोर ठेवलं.

साहेबांना तिथे श्वास घेणं कठीण झालं. त्यांनी बदली मागितली. मोठे साहेब म्हणाले, जागा चालवायला दुसरा पदवीधर तयार असेल तर जा. प्रयोगशाळेत दुसरा पदवीधर म्हणजे कोण, हे साहेबांना कळायला क्षणभर वेळ लागला.

ते बाईंच्या टेबलापाशी आले. फोन चक्क खिशात. "बाई, प्रमुखाची खुर्ची घ्यायला तयार आहे, एवढं लिहून द्या. तुमचंही भलं, माझीही सुटका. नाहीतर निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं मला इथेच काढावी लागतील हो."

बाईंनी पेन उघडलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, की साहेबांच्या मार्गदर्शनाची प्रयोगशाळेला अजून गरज आहे, आपण खुर्ची घेऊ इच्छित नाही. साहेबांनी तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला.

ऑफिसात सगळे म्हणाले, बाईंचं मन केवढं मोठं! नणंदेचा फोन आला, "वहिनी, तू म्हणजे ना, अगदी साध्वी!"

नवऱ्याने मात्र संध्याकाळी ताट बाजूला सारलं. "अगं, खुर्ची चालून आली होती! नाही म्हणालीस?"

"खुर्चीचं काय हो," बाई म्हणाल्या, "ती दोन वर्षांनी मिळेलच. हा माणूस पुन्हा कुठे मिळायचाय?"