मामांना मुहूर्ताला पोचवलं

माझ्या ताईच्या लग्नाला मामा दोनदा आले. एकदा ठाण्यातल्या खोपटहून एसटीने आणि एकदा माझ्या लॅपटॉपमधून. दुसऱ्या वेळी वेळेवर आले.

पहिल्या वेळचं असं झालं. मामांचं घर एसटी डेपोच्या समोर. त्यामुळे दुसऱ्या कशाने जाणं त्यांना बेइमानीचं वाटतं. लग्न कल्याणला. बस वाटेत अशी अडकली की, मामांच्याच शब्दांत सांगतो, शेजारचा रिक्षावाला उतरून दाढी करून आला तरी रिक्षा तिथेच. तिकडे हॉलवर गुरुजी 'मुलीचे मामा, मुलीचे मामा' करून घसा फोडतायत. मुहूर्त टळायला लागला तेव्हा आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकांना धरून ताईच्या पाठीशी उभं केलं, अंतरपाट सरकला, हार पडले. मामा पोचले ते थेट पंगतीत.

इथवर ठीक होतं. पण जेवताना आत्याने आईला विचारलं की, अगं, अंतरपाटाशी मामा काही दिसले नाहीत. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. माहेरची माणसं कशी वेळेला उपयोगी पडत नाहीत हा तिचा आवडता विषय, आणि माहेर अर्थातच आईचं. आईने जिलेबीवरची नजरही न हलवता सांगितलं, "होते की. गर्दीत दिसले नसतील. फोटोत बघा."

आता फोटोत मामा असणं भाग होतं. नाहीतर पुढची दिवाळी, संक्रांत, बारसं, सगळीकडे आईला हेच ऐकावं लागणार. आत्या रविवारी अल्बम बघायला डोंबिवलीला येणार होती.

फोटोग्राफरला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही फक्त गोरं करून देतो. ते त्याने केलेलंच. नवरदेवाकडचे लोक इतके उजळलेले की त्यांच्या मागची ट्यूबलाइट मळकी दिसत होती. मामा बसवायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात एकदा कोणीतरी मला वाढदिवसाच्या बॅनरवर फुगे लावताना बघितलेलं.

मी मामांचे फोटो शोधायला बसलो. गुलाबजाम खाताना मामा, मठ्ठा पिताना मामा, दुसऱ्याच्या ताटात वाकून बघताना मामा. सरळ उभे असलेले एकाच फोटोत सापडले, स्टेजवर, हातात जिलेबी. मी जिलेबी पुसली. त्याबरोबर मामांचा हात कोणाचा तरी गळा धरायला निघाल्यासारखा दिसायला लागला. मग त्या मुठीत अक्षता भरल्या. काय शोभल्या म्हणून सांगू. काकांना उचललं, त्यांच्या जागी मामा ठेवले, सावली दिली, थोडा घामही दिला.

आई बघायला आली आणि किंचाळायचीच राहिली. मामांच्या पायांत पांढरेशुभ्र बूट. मामा नाही आले तर एक वेळ चाललं असतं, पण बूट घालून बोहल्याजवळ? आत्याने सात पिढ्या काढल्या असत्या.

अनवाणी पाय आणायचे कुठून? फोटोत आयते होते की, काकांचे. मी घोट्यापासून खाली काका राहू दिले आणि वर मामा चढवले.

रविवारी मामांनाही बोलावून ठेवलेलं, साक्षीला. आत्याने चष्मा लावला आणि तो फोटो डोळ्यांशी धरला. आईने पोह्यांत लिंबू पिळायला घेतलं ते बीसकट पिळलं. आत्याने फोटो खिडकीच्या उजेडात नेला. मग म्हणाली, "मामा, अंगठ्याला पट्टी कसली हो?"

लग्नाच्या आदल्या दिवशी काकांच्या पायावर गॅसचा सिलेंडर पडलेला. मी नखं बघितली, रंग जुळवला आणि पट्टी विसरलो.

मामा शांतपणे म्हणाले, "ठेच लागली. मुहूर्त गाठायला धावत आलो ना." आणि पाणी आणायला म्हणून उठले ते लंगडत गेले. परत आले ते दुसऱ्या पायाने लंगडत.

आत्याने चष्मा काढून पुसला. आईकडे बघितलं, मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला.

"फोटो झकास झालाय रे. आता एक काम कर. त्या कोपऱ्यात जागा आहे ना, तिथे मला उभी कर. मुहूर्ताला मी खाली आइस्क्रीमच्या काउंटरवर होते."

आईच्या हातातलं लिंबू खाली पडलं. मामांचं लंगडणं तिथल्या तिथे बरं झालं. आत्याने पोह्यांची बशी पुढे ओढली.

"पाय मात्र माझेच लाव," ती म्हणाली.