रोमन लिपीतले धवले

“तिला हलदीला नको बसवायला. पेनड्राइव्हमधी धवले भरून आनू. कोनाला कलतंय?”

शेजारच्या काकींच्या मागच्या दाराशी मी धुतलेला डबा घेऊन उभी होते. आतला मिक्सर नुकताच थांबला होता, म्हणून ते इतकं स्वच्छ ऐकू आलं. बोलत होत्या काकीच, लग्नासाठी आठ दिवस आधी राहायला आलेल्या आपल्या बहिणीशी. ‘तिला’ म्हणजे माझ्या आईला.

“बरोबर हाय,” बहीण म्हणाली. “शुभकार्यात आजारी मानूस... आनि मधीच काय झालं तर?”

“तेच ना. मला काय वाईट वाटत नाय का? पन माझा एकच पोरगा.”

दार वाजवायला उचललेला हात मी खाली घेतला. डबा पायरीवर ठेवला आणि चपलांचा आवाज न करता परत आले. आमचं घर तिथून अकरा पावलांवर आहे. आचोळ्यात चारी बाजूंनी इमारती उठल्या, त्यांच्या मधोमध जुनं गावठाण दोन गल्ल्यांएवढं उरलं. तिथे कोणाच्या घरात काय शिजतं ते सगळ्यांना कळतं. कोणाच्या मनात काय शिजतं तेही दोन-तीन दिवसांत कळतं.

आई भिंतीला उशी लावून बसली होती. “काय म्हनली?” तिने विचारलं.

“काकी घरात नव्हत्या.”

“मग डबा कोनाला दिलास?”

“पायरीवर ठेवला.”

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग डोक्याचा रुमाल नीट करून म्हणाली, “येईल. कामात असल. पानसुपारी घेऊन येईल.”

आई धवलारीन होती. आमच्यात लग्नाला भटजी लागतो, पण त्याच्याआधी धवलारीन लागते. ती धवले, म्हणजे लग्नातली गाणी म्हणते, बाकीच्या बायका झील धरतात, म्हणजे शेवटची ओळ उचलतात. तिचे धवले झाल्याशिवाय हळद अंगाला लावायची नाही. धवलारणीला पत्रिका देत नाहीत. लग्नघरची बाई स्वतः येते, पानसुपारी हातात ठेवते आणि तोंडाने आवतण देते. आपण होऊन जायचं नसतं. आईच्या आईने कधी ते केलं नाही आणि आई तर मुळीच करणार नव्हती.

गणपतीत तिच्या पोटात दुखायला लागलं. दिवाळीच्या आत पित्ताशयाचा कॅन्सर यकृतात पसरल्याचं कळलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर इंग्रजीत बोलत आणि बाबा आपोआप एक पाऊल मागे सरत. मी पुढे होत असे. एरवी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण इंग्रजीत मी कोणीतरी दुसरीच असते. मी प्रश्न विचारले, केमोचे डोस लिहून घेतले, मान हलवली. शेवटच्या कागदावर लिहिलं होतं की आता बरं करण्याचे उपचार नाहीत, फक्त वेदना कमी ठेवायच्या. डॉक्टरांनी तोंडी उन्हाळ्यापर्यंतची मुदत सांगितली होती.

घरी आल्यावर आईने तो कागद माझ्या हातात दिला. “वाच.”

“औषधं चालू ठेवायची, असं लिहिलंय.”

“आनि?”

“आणि आराम करायचा.”

“एवढ्या वली हायत आनि तू दोनच वाचल्यास. तुला इंग्रजी शालेत घातली ती खोटं वाचायला?”

मग मी सगळं वाचून दाखवलं, एकेक ओळ. तिने ऐकून घेतलं. बाबा उठून बाहेर गेले. मग म्हणाली, “काकीच्या पोराचं लगीन माघात हाय ना? तेवढं होतंय.”

त्या दिवसापासून तिच्यासाठी तीच तारीख ठरली.

गल्लीने आम्हाला उचलून धरलं, हे मला नीट सांगितलं पाहिजे. पुढे जे आहे ते वाचून कोणी गल्लीला नावं ठेवू नयेत. कोपऱ्यावरचे रिक्षावाले दादा हॉस्पिटलच्या दिवशी दुसरी भाडी घेत नसत. समोरच्या वहिनी पहाटे जाऊन केसपेपरच्या रांगेत उभ्या राहत. गल्लीच्या तोंडाशी लागणाऱ्या बाईक कोणी न सांगता दुसरीकडे गेल्या, अॅम्ब्युलन्स आलीच तर वाट असावी म्हणून. आणि काकींचा डबा. दिवाळीपासून रोज दुपारी बारा वाजता: मऊ भात, बिनतिखटाचं सार, कधी खाडीतल्या निवटीचं कालवण, आईला आवडतं म्हणून काटे काढून. एकही खाडा नाही. डबा रिकामा परत करायचा नाही हा आईचा नियम. माझे आजोबा मिठागरात होते, आमच्या घरात खडे मीठ कधी संपत नाही. डब्याच्या वरच्या कप्प्यात आई चिमूटभर मीठ ठेवायची आणि मी तो पोचवायचे.

म्हणून तर ते दारातलं बोलणं मला गिळताही येईना आणि थुंकताही येईना. कोणी शत्रू बोलला असता तर सोपं होतं.

भेटायला येणाऱ्या बायका आधी सफरचंदं घेऊन यायच्या आणि कुजबुजायच्या. आईला कुजबूज सहन व्हायची नाही.

“हलू काय बोलतास गं? मी काय झोपलेय?”

“नाय वैनी, म्हटलं तुमाला त्रास...”

“त्रास मला पोटात हाय, कानात नाय. आलीस ना? बस. झील धर.”

हळूहळू आजारपणाच्या भेटीची तालीमच झाली. पाच-सहा जणी जमायच्या. पोटात पाणी साठल्यामुळे आईचा श्वास छोटा झाला होता. पूर्वी ती एका दमात म्हणायची ती ओळ आता दोन दमांत व्हायची. पण आवाज तसाच होता, थोडा खरखरीत आणि खूप लांब जाणारा. शेजारच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची बाई गॅलरीत येऊन उभी राहायची. एकदा कोणीतरी झील चुकली, तर आई म्हणाली, “मेल्यावर चुका गं. मी हाय तवर नीट म्हना.” सगळ्या आधी दचकल्या आणि मग इतक्या हसल्या की बाबा आतून बघायला आले.

काकी मात्र त्या तालमीला कधी आल्या नाहीत. डबा दारात द्यायच्या, “गरम हाय तवर खा” म्हणायच्या आणि जायच्या. आता मला त्याचं कारण माहीत होतं.

मी कोपऱ्यात बसून धवले लिहून घ्यायचे. शाळेतली जुनी लांब वही होती आणि मी रोमन लिपीत लिहायचे. आई बघायची आणि म्हणायची, “हे काय, मुंग्या सोडल्यास का कागदावर?” मी सांगायचे की मला हे भरभर जमतं. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं.

चौथीत मराठीच्या तासाला मी उभी राहून धडा वाचला होता. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं, ‘कोण’ला ‘कोन’. बाईंनी थांबवलं. फ्लॅटमधल्या मुली हसल्या. मग बाई मला तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावत राहिल्या आणि मुली पुन्हा पुन्हा हसत राहिल्या. वहीतल्या माझ्या प्रत्येक ‘न’भोवती लाल गोल यायचा. मी ‘ण’ शिकले, अगदी पक्का. पण तेव्हापासून मराठी शब्द तोंडातून काढण्याआधी मी तो आत उलटा करून बघते, यात ‘न’ आहे की ‘ण’? बघेपर्यंत बोलायची वेळ निघून जाते. लोक म्हणतात, पोरगी शांत आहे.

रोमन लिपीत ‘न’ आणि ‘ण’ला एकच अक्षर आहे. तिथे मला कोणी लाल गोल करू शकत नव्हतं.

हळदीचा पहिला धवला आवतणाचा असतो. आईच्या आईने बांधलेला, आमच्याच घरातला.

पहिलं आवतन खाडीच्या पान्याला,
दुसरं आवतन खाजनाच्या वाऱ्याला,
तिसरं आवतन गेल्या मानसांना,
या गं मांडवाच्या दारी.

तिसऱ्या ओळीला आईने एकदा मला टोकलं. “लिवलंस? नीट लिव. पुढल्या लगनात त्यात मी असन.” मी लिहिणं थांबवलं नाही, कारण थांबले असते तर तिला दिसलं असतं.

त्या मागच्या दारातल्या बोलण्यानंतर मी पाच दिवस गप्प राहिले. रोज धुतलेला डबा परत नेला, दुसऱ्या दिवशी काकींनी तो भरून आणला. “आय जेवली का गं?” त्या विचारायच्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखरची काळजी असायची. मी मान हलवायचे. घरी आले की आई विचारायची, “काय म्हनली?” मी म्हणायचे, “काही नाही.” आईने हळदीसाठी पिवळी साडी काढून खुंटीला लावली होती. ब्लाउज दोन्ही बाजूंनी शिवून आत घेतला होता, कारण अंगावर काही उरलंच नव्हतं. दुखण्याच्या गोळीने तिला गुंगी यायची, म्हणून दुपारची गोळी ती अर्धीच घ्यायची. गाताना जीभ जड व्हायला नको. अर्ध्या गोळीचं दुखणं कसं असतं ते मला तिच्या पायाच्या बोटांवरून कळायचं. ती बोटं आवळून धरायची आणि वरून झील मोजायची.

हळदीच्या आदल्या दिवशी गल्लीत मांडव उभा राहिला. तालमीला बायका आल्या. साउंडवाला दारात वायर ओढत होता. त्याला काय ठाऊक? तो आत डोकावून म्हणाला, “मावशी, धवले कुठले लावू? काकींनी पेनड्राइव्ह दिलाय, पण त्यात दोनच गाणी वाजतात.”

एक वहिनी उगाच पदर नीट करायला लागली. सगळ्यांना माहीत होतं, हे त्या क्षणी मला कळलं. पाच दिवस मी एकटीच ते ओझं वाहतेय असं मला वाटत होतं. त्या सगळ्या जणी तेच पोटात ठेवून रोज येऊन झील धरत होत्या.

आई म्हणाली, “दोन वाजतात ना? मग दोन लाव.”

बायका गेल्या. आईने खुंटीवरची साडी उतरवायला सांगितली. तिची घडी स्वतः घातली, काठाला काठ लावून. मग म्हणाली, “गोली दे. आख्खी दे.”

“आत्ता? दुपारीच?”

“आता जागून कोनासाठी?”

ती पाणी प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. डॉक्टरचा कागद ऐकताना तिने भिंतीकडे तोंड केलं नव्हतं. केस गेले तेव्हाही नाही. पायाची बोटं हळूहळू सैल पडली. मी उशाशी बसून ती बोटं बघत राहिले आणि माझा राग वाढत गेला.

ओट्यावर कालचा डबा धुऊन ठेवलेला होता. आई झोपली होती, म्हणून त्यात मीठ मीच टाकलं. मूठभर टाकलं असावं. झाकण नीट बसेना.

मांडवात काकी दहा-बारा बायकांमध्ये बसून हळकुंडं निवडत होत्या. मघाच्या तालमीतल्या दोघी तिथेही होत्या. कोपऱ्यात स्पीकरवर तपासणी चालू होती आणि कुठलीतरी अनोळखी बाई, कुठल्यातरी अनोळखी गावचे धवले म्हणत होती. तिच्याही गाण्यात गेलेल्या माणसांना बोलावणं होतं. मेलेली माणसं या मांडवात चालणार होती.

“आलीस बाय?” काकी उठल्या. त्यांचे हात हळदीने पिवळे झाले होते. “ये, ये. मांडवाचं गोड केलंय आज. दे डबा, आयसाठी भरून देते.”

मी डबा सोडला नाही. त्यांनी एकदा हलकेच ओढला, मग माझ्याकडे बघितलं. बायकांचं निवडणं थांबलं. साउंडवाल्याने कशासाठी तरी गाणंही बंद केलं.

वाक्य आधी माझ्या मनात इंग्रजीत तयार झालं, लांब आणि सभ्य, ‘प्लीज’ लावलेलं. ते मी टाकून दिलं. मग शाळेतल्या मराठीत झालं. त्यातला ‘ण’ जिथे असायला हवा तिथे अगदी बरोबर होता. तेही टाकलं. डब्याच्या झाकणातून मिठाचे खडे माझ्या पायावर पडत होते.

“डबा नको, काकी,” मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा खूप मोठा निघाला, आईसारखा लांब जाणारा. “माझ्या आयला आवतन द्या.”